अठराव्या वाढदिवसाला सगळं एकदम खुलं

मागच्या महिन्यात पुण्याहून दादाचा फोन आला, पुतण्या अकरावीत गेला, क्लास रात्री नऊला सुटतो, म्हणून त्याला ॲक्टिव्हा घेऊन दिली. पोराला अजून सतरावंही लागलेलं नाही. मी बोललो तर म्हणे, सिडनीत बसून सांगायला काय जातंय, तू नव्हतास का लुना फिरवत? फिरवत होतो ना, सांगलीला, १९९३ साली, सोळा पूर्ण झाल्यावर रीतसर लायसन काढून. कायदा आजही तोच आहे, सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी, पण ॲक्टिव्हा शंभर सीसीच्या वरची आणि लुनासारखी पेट्रोल गाडी आता शोरूमला जवळपास दिसतच नाही. म्हणजे सोळा ते अठरा या वयात पोराला कायद्यात राहून शिकायची सोयच उरलेली नाही, आणि अठरा झाले, लायसन हातात पडलं की सगळं एकदम खुलं, रात्रीचे दोन, मागे चार मित्र, एक्सप्रेसवे, काहीही.

इथे ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या न्यू साउथ वेल्स राज्यात, माझ्या मुलीचं लायसन जिना चढल्यासारखं चाललंय. सोळाव्या वर्षी पिवळ्या पाटीवरचा एल, म्हणजे शिकाऊ, शेजारी पक्कं लायसनवालं मोठं माणूस हवंच, आणि लॉगबुकात १२० तास भरायचे, त्यातले २० रात्रीचे. आधी ५० तास होते, २००७ मध्ये १२० केले. दर फेरीला मीटरचा आकडा, पाऊस होता का, ट्रॅफिक किती, खाली माझी सही. साठेक तास झाले असतील तेव्हा पहिल्यांदा एम-४ या मोठ्या हायवेवर घेतली, पावसात, संध्याकाळची, बाजूने ट्रक पाणी उडवत चाललेला, तिने स्टीअरिंग इतकं घट्ट धरलेलं की बोटं पांढरी पडली होती आणि मी माझ्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत बसलो होतो. घरी आल्यावर म्हणाली बाबा, ट्रकच्या मागे काहीच दिसत नव्हतं रे. हे तिला पंचावन्नाव्या तासालाही माहीत नव्हतं, आणि आरटीओत आठचा आकडा काढून तर कधीच कळलं नसतं.

आता तिला लाल पी, म्हणजे पक्क्याच्या आधीचं तात्पुरतं लायसन, मिळालाय. वेग ९० च्या वर नाही, दारूचा थेंब नाही, फोन ब्लूटूथवरसुद्धा नाही, आणि रात्री ११ ते पहाटे ५ गाडीत एकवीसच्या आतला एकच जण. परवा मैत्रिणीच्या वाढदिवसाहून साडेअकराला फोन, बाबा तू ये, चौघींना मला नेता येणार नाही. गेलो आपला पायजम्यावरच. खरं सांगू, त्या वयात मित्रांना "मला भीती वाटते" म्हणता येत नाही, "कायद्याने चालत नाही" म्हणता येतं, आणि मला या सगळ्या नियमांमधली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले, चालवणारा सतरा वर्षांचा असल्याचं पोलिसांनी सांगितलं, जामिनाला ३०० शब्दांचा निबंध, आणि सगळा महाराष्ट्र पेटला. राग रास्तच होता, मीही इथे रात्र रात्र बातम्या बघत होतो. पण बापाचा पैसा, पोलीस आणि तो निबंध यापुढे चर्चा गेलीच नाही. २०१९ च्या दुरुस्तीत पालकाला २५ हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही, एवढं कडक आधीच लिहिलेलं आहे. पण ते सगळं माणूस गेल्यावर किंवा पोरगं सापडल्यावर. त्याला हळूहळू शिकवायचं कुणी, कसं, यावर कायद्यात फार थोडं.

इथलं जसंच्या तसं उचला असं मी म्हणत नाही. ज्यांच्या घरी गाडी नाही किंवा आईवडील चालवत नाहीत त्या पोरांना इथे १२० तास भरणं फार जड जातं, शिकवणाऱ्यांची फी परवडत नाही. आणि आपल्याकडे पोरं शिकतात दुचाकीवर, तिथे शेजारची सीटच नाही. पण शिकाऊ लायसनवर मागे शिकवणाऱ्याशिवाय कुणाला बसवायचं नाही हा नियम आपल्याकडेही आहेच की! फक्त तो टप्पा ३० दिवसांत संपवता येतो. तो वर्षभराचा करा, पुढचं एक वर्ष रात्री अकरानंतर गाडी नाही आणि मित्राला डबलसीट नाही एवढं घाला. अंमलबजावणी कोण करणार असं सगळे विचारतात, इथेही चौकाचौकात पोलीस नसतो हो, निम्मं काम घरातच होतं, कारण नियम काय आहे ते आईबापाला आणि पोराला दोघांनाही पाठ असतं.

दादाला म्हटलं, क्लासला सोडायला-आणायला तूच जा, गाडी तू चालव, तो मागे बसेल. फोन ठेवून दिला त्याने. गेल्या आठवड्यात वहिनीचा मेसेज आला, चावी कपाटात ठेवलीय, सध्या रिक्षा लावलीय, महिन्याचे पैसे फार जातात म्हणून हे अजून तुमच्यावर चिडलेत.