पाणीटंचाई कशी निभवावी: होऊ घातलेल्या लाटसाहेबास चार शब्द

उद्या कंपनी सरकारनं तुम्हाला मुंबईवर नेमलं आणि नेमका पाऊस दडी मारून बसला, तर घाबरू नका. पाणी नसलं तरी भागतं, समिती मात्र हवी. १८४५ साली लोकांनी पाण्यासाठी ओरडा केला, तेव्हा सरकारनं दोघांची समिती नेमली. दोघंच बरे. जास्त माणसं जमली की एखादा खरोखर विहिरीत डोकावून येतो.

एवढं करून १८५४ उजाडलंच आणि विहिरी-तलाव आटले, तर आधी गुरांना शहराबाहेर काढा. माहीमला हाकला. गुरं अर्ज करत नाहीत, वर्तमानपत्रांना पत्रं लिहीत नाहीत, टंचाई हटवायला त्यांच्याइतका सोयीचा नागरिक नाही. दूध महागलं तर तो गवळ्यांचा प्रश्न. मग होड्यांनी आणि आगगाडीनं पाणी आणवा. बोरीबंदर ते ठाणे गाडी नुकतीच वर्षभराची झालीय, तिलाही काम मिळेल. (लातूरकरांनी हसू नये. २०१६ साली मिरजेहून त्यांच्याकडे अशीच गाडी गेली होती.) तलावाच्या तळाशी करवंटीनं गढूळ पाणी खरवडून घागरीत भरणाऱ्या बाया दिसल्या, तर बग्गीचा पडदा ओढून घ्या.

तलाव बांधायची वेळ आली, तर शेठ लोकांना बोलवा. कावसजी पटेल, फ्रामजी कावसजी ही मंडळी पाण्यावर पदरचा पैसा घालतात. पुण्य त्यांचं, खर्चही त्यांचाच. आपण फक्त शाबासकी द्यायची.

फारच गळ्याशी आलं तर इंजिनिअर कॉनिबेअर यांना विचारा. ते मुंबईच्या उत्तरेला साष्टी बेटावर मिठी नदी अडवून विहार तलाव बांधतील आणि १८६० साली लोखंडी नळांतून पाणी शहरात येईल. आलेलं पाणी जाणार कुठून, हा प्रश्न आत्ताच काढू नका. गटारं सावकाश होतील, तोवर ते जमिनीत मुरेल. राहिला खर्च. तो नगरपालिकेच्या नावावर कर्ज म्हणून मांडा. तलाव सरकारनं दिला असं सांगायचं आणि हप्ते मुंबईकरांकडून घ्यायचे. याला लोककल्याण म्हणतात.

चारच वर्षांत विहार पुरेना होईल. अमेरिकेतल्या युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव येतो, माणसं लोटतात आणि १८६४ च्या शिरगणतीत ८,१६,५६२ डोकी भरतात. अशा वेळी काय करावं? कारंजं बांधावं! फ्लोरा फाउंटन त्याच सालचं. ते खरं तर भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी होतं, पण पाणी उडतं ते फोर्टातल्या साहेबांच्या डोळ्यांसमोर उडालेलं बरं. रोमन देवी पाहून नेटिवांची तहानही भागेल.

पुढे तुळशी, पवई, तानसा हे तलाव होत राहतील, त्यात तुम्ही लक्ष घालायला नको. तुमच्या वारसदारांना १९११ च्या सुमारास मलेरियाचे डास विहिरींत सापडतील. हीच संधी. विहिरी बुजवा नाहीतर झाकण ठोका. पारशी, हिंदू हरकत घेतील, आमच्या पूजेला विहिरीचंच पाणी लागतं म्हणतील. त्यांच्यासाठी झाकणाला बादलीपुरतं दार ठेवा. आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या विहिरीवर जगलेल्या गल्लीला नळाची वेळ कळवा. ती पाळायचं बंधन तुमच्यावर नाही.