एएमसी नाही म्हणून स्टायव्हसंट नाही? साफ खोटं!

न्यूयॉर्कमधल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. गणिताच्या स्पर्धांत नंबर नसेल तर स्टायव्हसंट, ब्राँक्स सायन्स ही शहरातली नावाजलेली सरकारी हायस्कूलं विसरा. एएमसी ८ या आठवीपर्यंतच्या मुलांच्या गणित स्पर्धेत १८च्या खाली म्हणजे दार बंद. सातवीपासून अवांतर वाचन थांबवून तो वेळ स्पर्धेच्या क्लासला द्या. माझ्या बहिणीने तो वाचला आणि लेकीचं लायब्ररी कार्डच काढून घेतलं. मग मात्र मला राहवेना.

राज्याचा १९७१चा हेक्ट-कॅलँड्रा कायदा स्टायव्हसंट, ब्राँक्स सायन्स आणि ब्रुकलिन टेक यांची नावं घेऊन सांगतो: प्रवेश स्पर्धात्मक परीक्षेवरच. ती परीक्षा म्हणजे एसएचसॅट. आज आठ शाळांना तीच लागू आहे. मार्कांच्या उतरत्या क्रमाने आणि मुलांनी दिलेल्या पसंतीप्रमाणे जागा भरतात. शाळेतले ग्रेडसुद्धा बघत नाहीत, तिथे पदक कोण विचारणार? एएमसी ८ म्हणजे ४० मिनिटांत २५ प्रश्न. त्यातल्या १८चा या प्रवेशाशी काडीचा संबंध नाही.

सगळ्यात संताप येतो तो ‘वाचन थांबवा’ याचा. एसएचसॅटचा अर्धा भाग इंग्रजीचा आहे! उतारा वाचून लेखकाने अमुक वाक्य तिथेच का घातलं ते ओळखायचं, बिघडलेली वाक्यं दुरुस्त करायची. दोन्ही भागांचे मार्क मिळून एकच आकडा होतो. परवा भाचीला सरावाचा एक उतारा दिला. संभाव्यतेची गणितं भराभर सोडवणारी ही पोर दुसऱ्याच परिच्छेदात अडली. ओळीवर बोट ठेवून तीनदा मागे गेली आणि म्हणाली, “मावशी, किती दिवसांत मी काही वाचलंच नाहीये.” पुस्तकं काढून घेऊन आपण तिचे मार्कच कमी करत होतो.

व्हर्जिनियातल्या थॉमस जेफरसन या सरकारी हायस्कूलचंही नाव मेसेजमध्ये घुसडलंय. तिथे २०२० साली प्रवेश परीक्षाच बंद केली. आता ग्रेड आणि निबंध बघतात.

एवढं मान्य करते की खासगी बोर्डिंग शाळा अर्जात मुलाचे छंद, कामगिरी बघतात. तिथे स्पर्धेचा उपयोग होऊ शकतो. अवघड गणितांशी झटापट करून डोकं तयार होतं, हेही खरं. आवडत असेल तर मुलांनी जरूर बसावं.

बहिणीला कायद्याचं ते पान पाठवलं. कार्ड परत मिळालंय. रविवारचा क्लास मात्र अजून सुरूच आहे, त्यावर आमचं बोलणं चालू आहे.