परत घोडा सी-थ्री

काल रात्री पावणेदोनला ऑनलाइन बुद्धिबळात एका माणसाने माझ्यासमोर चार उंट केले. प्यादं शेवटच्या घरात गेलं की लोक वजीर करतात की बे! ह्याने उंट केला. मला वाटलं, बोट चुकलं असेल. दुसरा केला. तिसरा केला तेव्हा कळलं, हा माझी मजा घ्यायलाय. माझ्याकडे उरलेला राजा आणि एक अडकलेलं प्यादं. पण रिझाइन करेन, म्हणजे आपणहून हार मानेन, तर शपथ. स्टेलमेट होईल, म्हणजे शह नसताना मला चालच उरणार नाही आणि डाव बरोबरीत सुटेल, अर्धा पॉइंट तरी मिळेल म्हणून राजा एच-सेव्हन, एच-एट (ही पटावरच्या घरांची नावं), परत एच-सेव्हन करत बसलो. घड्याळात सहा सेकंद ठेवून त्याने चौथा उंट केला, मात दिली आणि वर हात जोडलेला इमोजी पाठवला. नमस्कार काय घालतोय भाड्या!

आणि हे सगळं कशापायी, तर एंगलुंड गँबिट, म्हणजे काळ्याने सुरुवातीलाच प्यादं देऊन लावायचा सापळा. पांढऱ्याच्या डी-फोरला आपलं ई-फाइव्ह. त्याने प्यादं खायचं, उंट एफ-फोरला आणायचा, आपण वजिराने शह देऊन बी-टूचं प्यादं उचलायचं, आणि मग त्याने, मायला, उंट सी-थ्रीला घालायचा असतो! आठव्या चालीला वजीर सी-वनवर मात. मी ज्या व्हिडिओवरून शिकलो त्यात दर वेळी तसंच होतं. माझ्या वाट्याला येणारा प्रत्येक जण घोडा सी-थ्री काढतो. मग हत्ती बी-वन, हत्ती बी-थ्री, आणि माझा वजीर ए-थ्री, ए-फाइव्ह असा सात रस्त्याच्या चौकात चुकलेल्या पाहुण्यासारखा फिरतो.

त्या स्वीडनच्या एंगलुंडने १९३२ साली पदरचे पैसे घालून ह्याच ओपनिंगची, म्हणजे ह्याच सुरुवातीच्या चालींची, स्पर्धा भरवली म्हणे. पैसे जास्त झाले होते का?

लंडन सिस्टीमवाल्यांवर तर मी बोलतच नाही. समोरच्याने काय पण खेळू दे, यांचं आपलं डी-फोर, उंट एफ-फोर, रोज तीच भाकरी तीच चटणी. हरायला लागले की दोन मिनिटं गप्प बसून घड्याळ संपवणारे वेगळेच. आणि मी जिंकायला लागलो की बरोबर लाईट जाते, हे लिहून ठेवा.

भाच्याला गेम दाखवली. आठवीत आहे. भाकरी मोडता मोडता म्हणतो, "मामा, त्या व्हिडिओत पुढं सांगितलंय की हो, घोडा काढला तर काळा संपला म्हणून." पुढं म्हणजे? मी मात दिसली तिथेच बंद केला होता. दीड वर्ष अर्ध्या व्हिडिओवर खेळायलोय. मंगळवारी रेटिंग १३०४ होतं, आज १२४७. पोरगं हसलं पण नाही, ते जास्त लागलं.

खरी गोष्ट अजून सांगितली नाही. एवढ्या रात्री मी जागा होतो ते नळाला पाणी यायचं होतं म्हणून. पाचव्या दिवशी आलेलं पाणी. दीडला आलं, बायको आतून दोनदा ओरडली, "अहो, मोटार!" मी म्हटलं, एक मिनिट, स्टेलमेट होतंय. चौथा उंट होईपर्यंत नळ सू-सू करायला लागला. टाकीत बोटभर पाणी आहे. सकाळपासून ती माझ्याशी बोललेली नाही, आणि मेव्हणा टँकरवाल्याचा नंबर देताना विचारतो, "कोण जिंकलं दाजी?"