थकू नका डॉक्टर, ३८ नंबर बाहेर बसलाय

तुम्ही न्यूरॉलॉजिस्ट असाल, प्रॅक्टिस नाशकात असेल आणि तरी थकत असाल, तर नियोजनात तुमचंच काहीतरी चुकतंय. हिशेब सोपा आहे. ओपीडी दहा ते दोन, म्हणजे २४० मिनिटं. नंबर ४०. प्रत्येकाला सहा मिनिटं, अगदी समान न्याय.

पार्किन्सनचे आजोबा मात्र दारातच दीड मिनिट खातात. उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटतात. हात धरून ओढू नका, पडतील. फरशीवर रंगीत पट्टी आडवी चिकटवून ठेवा; ‘ही ओलांडा’ म्हटलं की बऱ्याचदा पाय सुटतो. पुढचं एक मिनिट पिशवीचं. साडीच्या दुकानाच्या त्या पिशवीत पाच वर्षांच्या एमआरआयच्या फिल्मा असतात, फक्त ताजा रिपोर्ट घरी राहिलेला असतो.

उरलेल्या साडेतीन मिनिटांत अंगठा-तर्जनी दहा-दहा वेळा टिचकवायला लावा, मागून खांदे ओढून तोल बघा आणि गोळी किती वाजता घेतली ते विचारा. सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीने निघालेल्या आजोबांनी ती सीबीएसला उतरून घेतलेली असते, म्हणून तुमच्यासमोर ते बरे चालतात. आजी म्हणतात, “इथं येऊन शहाणपणा करत्यात, घरी जागचे हलत नाहीत.” तो शहाणपणा नसतो. घरी त्या गोळीचा, म्हणजे लेव्होडोपाचा, असर पुढच्या गोळीआधीच उतरतो, आणि गोळी दुधाबरोबर किंवा वरण-भातावर घेतली तर प्रथिनं तिची वाट अडवतात. हे नीट समजवायला, वेळापत्रक लिहून द्यायला वीस मिनिटं लागतात. ती नाहीत. तेव्हा ‘जेवणाआधी अर्धा तास’ एवढं खरडा आणि बेल दाबा. दोन महिन्यांनी ते तसेच येतील. डोस वाढवा. मग अंग वेडंवाकडं हलू लागेल. डोस कमी करा. अशी वर्षं निघतात, ओपीडीही भरलेली राहते.

फिटच्या पेशंटवर तर वेळ घालवूच नका. पोरगी दीड वर्ष ठणठणीत असते, मग लग्न ठरतं. सासरी कळू नये म्हणून गोळ्या गुपचूप बंद होतात आणि हळदीच्या जागरणात फिट येते. जिल्हा लासलगावचा, नाकाला लावायला कांदा हाताशीच. फिट बहुधा दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते. श्रेय कांद्याला जातं. पाच मिनिटांपुढे गेली की फोन तुम्हाला, रात्री अडीचला.

३७ नंबरला मोटर न्यूरॉनचा पेशंट असतो, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशीच मरत चाललेला. वय ४४, दोन लहान मुलं. रिलुझोलच्या गोळीने मिळाले तर आयुष्याचे काही महिने मिळतात, हे त्या घराला सहा मिनिटांत सांगा, त्यातच पाण्याचा ग्लासही पुढे करा. मग ३८ नंबरला हसून “या, बसा” म्हणा. हसू उमटलं नाही, तर तुमचं ध्यान कमी पडतंय.

त्याचीही सोय आहे. कॉर्पोरेट हॉस्पिटलात असाल तर रविवारी सकाळी सातला ताणमुक्ती शिबिर असतं, हजेरी अंगठ्याच्या ठशावर. श्वास आत, श्वास बाहेर. मोबाईल बंद ठेवायचा, आयसीयूचा तेवढा घ्यायचा. ओपीडीत ४०चे २५ नंबर करा, असं मात्र तिथे बोलू नका. वातावरणातली सकारात्मकता जाते.

रजेचं तर नावच काढू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार शिणून जाण्याची, नोंद घेतली, पण कामाशी निगडित अवस्था म्हणून, आजार म्हणून नव्हे. आजारच नाही, तर आजारपणाची रजा कसली?

अगदीच शंका येत असेल, तर बर्नआउट मोजणारी, मानसशास्त्रज्ञ मास्लाकबाईंची १९८१ सालची प्रश्नावली भरा. २२ प्रश्न: किती शिणता, माणसांशी किती कोरडे वागता, आपल्या हातून काही होतंय असं वाटतं का. दहाएक मिनिटं लागतात, म्हणजे जवळपास दोन पेशंट. तेव्हा मधेच घुसू नका. कंपाउंडरला सांगून रीतसर नंबर लावा. आज ४१वा मिळेल.