‘नुसता बर्फ आणि चार पक्षी’ म्हणणाऱ्या वाचकांस

अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरातल्या आणि त्याच्या आसपासच्या, साउथ जॉर्जियासारख्या बेटांवरच्या माझ्या लेखमालेखाली परवा एक प्रतिक्रिया आली. ती आधी इथे देतो, म्हणजे मी काही पदरचं घातलं असं कुणी म्हणायला नको. "सोलापुरात रोज नळाला पाणी नाही आणि तुम्ही साउथ जॉर्जिया दाखवताय. तिथे बघण्यासारखं आहे काय, नुसता बर्फ आणि चार पक्षी. पेन्शनर लोकांना वेळ जात नाही म्हणून हे उद्योग. टूर कंपनीची जाहिरात वाटते. वर जहाजाचा धूर सोडून यायचं आणि हवामानावर लेक्चर द्यायचं."

साहेब, मतभेद असू द्या, हरकत नाही. पण पेन्शनचा इथे काय संबंध? आयुष्यभर मी याच शहरात भूगोल शिकवला. आमच्या शाळेतल्या पृथ्वीगोलाला खालून पितळी टोपी आणि स्क्रू होता. नेमका अंटार्क्टिका त्याखाली झाकलेला. दरवर्षी एखादं पोर विचारायचंच, "सर, या टोपीखाली काय आहे?" त्या पोरांना मी कधी ‘तुला काय करायचंय’ म्हटलं नाही. तुम्ही मात्र मला तेच म्हणताय, आणि तेही वय काढून.

खर्चाचं म्हणाल तर मान्य आहे. अर्जेंटिनातल्या उशुआया बंदरातून निघणाऱ्या जहाजाचं तिकीट लाखांत जातं, ते सगळ्यांना झेपणारं नाही. पण वाचायला कुठे तिकीट लागतं?

आता ‘नुसता बर्फ’. लेख वाचला असता तर हे लिहिलं नसतंत. ट्रिस्टन दा कुन्हा हे दक्षिण अटलांटिकमधलं बेट 37 अंश दक्षिणेला आहे. जेमतेम अडीचशे माणसं तिथे राहतात, बटाटे पिकवतात, गुरं-मेंढरं पाळतात. विमानतळ नाही, केपटाऊनहून बोटीने आठवडाभर लागतो. 1961 साली ज्वालामुखी फुटला म्हणून सगळ्या गावाला इंग्लंडला हलवलं होतं. 1963 मध्ये बहुतेक सगळे परत त्या खडकावर राहायला आले. दक्षिण हिंदी महासागरातल्या केर्गुलेन बेटांवर रानकोबी उगवतो. पूर्वीचे खलाशी स्कर्व्ही (हिरड्यांतून रक्त येण्याचा रोग) होऊ नये म्हणून तो खायचे, कारण त्यात क जीवनसत्त्व भरपूर. साउथ जॉर्जियाचा निम्म्याहून जास्त भाग हिमनद्यांखाली आहे, खरं आहे. पण किनाऱ्यावर उन्हाळ्यात टसॉक हे झुपकेदार गवत पुरुषभर उंच वाढतं, त्यात सील लोळत पडलेले असतात.

आणि ‘चार पक्षी’! सेंट अँड्र्यूज बे या एकाच उपसागरात राजा पेंग्विनच्या लाखाहून अधिक जोड्या आहेत. वाँडरिंग अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याचा पंखविस्तार साडेतीन मीटरपर्यंत जातो. पण मी त्या बेटावर खरा थांबलो तो एका टीचभर पक्ष्यासाठी. साउथ जॉर्जिया पिपिट, म्हणजे तीरचिमणी. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर तिची भावंडं दगडाआडून टुणकन उडतात, तुम्ही कधी पाहिली असतील तर. ही तीरचिमणी जगात फक्त त्याच बेटावर आहे. सील आणि देवमासे मारायला आलेल्या जहाजांतून उंदीर उतरले, ते जमिनीवरची अंडी-पिल्लं खात सुटले, आणि तीरचिमणी उंदीर नसलेल्या टापूंपुरती उरली. मग 2011 ते 2015 या काळात हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकलं, आणि 2018 मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. आता ती पुन्हा किनाऱ्यावर गाते. याला तुम्ही ‘चार पक्षी’ म्हणता, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

मी नान्नजला वर्षानुवर्षं पहाटे जाऊन बसलोय. माळढोक दिसायचा ते दिवसही पाहिले आणि आता रिकामा माळही पाहतोय. पक्षी जातो तेव्हा काय जातं हे मला पुस्तकातून शिकायला नको. साउथ जॉर्जियावर उतरण्याआधी जहाजावर आमचे बूट, बॅगा, जॅकेटचे खिसे तपासले. वेल्क्रोच्या पट्ट्या व्हॅक्यूमने साफ केल्या. माझ्या बुटाच्या जिभेच्या शिवणीत एक कुसळ अडकलं होतं. आपल्या माळावरच्या कुसळीचंच, पिळदार शेपटीचं. तपासणाऱ्या बाईंनी मला खाली बसवून चिमट्याने ते काढायला लावलं आणि डबीत टाकलं. बाहेरचं एक बी त्या जमिनीत जाऊ नये म्हणून एवढी खबरदारी. आपण नान्नजला चपलेने, गाडीने, वाटेल तसे जातो. हे शिकून येण्यासारखं नाही?

जाहिरातीचा आरोप: कुणाकडून एक रुपया घेतलेला नाही, विषय संपला. पाणी माझ्याही नळाला तुमच्यासारखंच येतं. त्याबद्दल मी इथेच लिहिलंय, तेव्हा तुम्ही प्रतिक्रिया दिली नव्हती. जहाजाच्या धुराचा मुद्दा आहे, नाही असं नाही. पण तो अशा सुरात काढल्यावर त्यावर बोलावंसं वाटत नाही. एवढंच सांगतो, अंटार्क्टिकात एका जागी एका वेळी शंभरांपेक्षा जास्त पर्यटक उतरवत नाहीत आणि पाचशेहून जास्त प्रवासी असलेली जहाजं तर कुणालाच उतरवत नाहीत. हा नियम टूरवाल्यांच्याच संघटनेने पाळायचा ठरवलाय.

केर्गुलेनवरचा सविस्तर लेख रविवारी टाकतोय. हिंदी महासागरातल्या रियुनियन या फ्रेंच बेटाहून ‘मारियों द्युफ्रेन’ हे जहाज वर्षातून चार वेळा रसद आणि संशोधक घेऊन तिकडे जातं, त्यात थोड्या प्रवाशांनाही जागा मिळते, त्याची सगळी माहिती आहे. वाचा आणि काय विचारायचं ते त्यावर विचारा. वयावरून सुरुवात केलीत तर मात्र उत्तर मिळणार नाही.