अण्णांच्या गोळ्यांची पिशवी

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज अण्णा लवकर झोपलेत तर लिहूनच टाकते. पोस्ट मोठी होणारे, आधीच सांगते.

आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते, सातारा डेपो, अख्खी नोकरी सातारा-स्वारगेट. रिटायर झाल्यावर पण रोज सकाळी दोन किलोमीटर चालायचे. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये सकाळी चहाचा कप हातातून पडला आणि डावी बाजू गेली. वय 72. शुगर आणि बीपी आधीपासून होतंच. आईला न् त्यांना मी पुण्याला माझ्याकडे घेऊन आले.

ॲडमिट असताना पाचव्या रात्री अण्णा एकदम उठून बसायला लागले आणि सलाईनची नळी घंटीच्या दोरीसारखी ओढायला लागले. "पाचवड उतरा, भुईंजवाले पुढं या, सुट्टे द्या सुट्टे!" सगळा वॉर्ड जागा. नर्सला म्हणाले मागचा दरवाजा लाव आधी. मला हसू पण येत होतं आणि हातपाय पण थरथरत होते. सकाळी आत्या आली, तिने बघितलं आणि बाजूला घेऊन म्हणाली, डोक्यावर परिणाम झाला गं, आता हे असंच राहणार, नारळ उतरवून टाक एकदा. एक पाहुणे म्हणाले वयच झालंय, म्हातारचळ लागतो. शेवटी निघालं काय, तर लघवीचं इन्फेक्शन. लघवीसाठी नळी, म्हणजे कॅथेटर, लावलेला होता ना. अँटिबायोटिक सुरू झालं आणि चारेक दिवसात अण्णा परत अण्णा झाले, त्यांना त्यातलं काहीच आठवत नव्हतं. याला डिलिरियम म्हणतात हे मला तेव्हा कळलं. म्हाताऱ्या माणसात तासा-दोन तासात, दिवसात अचानक भ्रम सुरू झाला, रात्री जास्त आणि सकाळी जरा बरा, असं असेल तर आधी शरीरात काय बिघडलंय ते बघायचं असतं. इन्फेक्शन, सोडियम, शुगर, नवीन गोळी, अगदी चार दिवस पोट साफ नसलं तरी होऊ शकतं. डिमेन्शिया असा एका रात्रीत येत नाही, त्याला महिने-वर्षं लागतात.

हे सगळं शिकून मी स्वतःला लई शहाणी समजायला लागले होते, आणि नेमकं पुढचं माझ्या डोळ्यासमोर चार महिने चाललेलं मला दिसलं नाही.

घरी आल्यावर फिजिओवाला मुलगा यायचा. पहिला महिना बरं चाललं, काठी धरून गॅलरीपर्यंत जायचे. मग "आज नको", "उद्या ये". नंतर तो आला की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. जेवण अर्ध्यावर आलं, पहाटे तीनला जाग, क्रिकेट लावलं तर म्हणे बंद कर, आणि आईवर ओरडणं, जे त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. मी काय म्हणायचे? हट्टीपणा. आळस. एकदा तर चिडून बोलले, "अण्णा, तुम्हालाच बरं व्हायचं नाहीये, आम्ही किती करायचं?" ते काही बोलले नाहीत. हे वाक्य मला अजून रात्री आठवतं.

ते कधीच म्हणाले नाहीत की मला उदास वाटतंय. त्यांच्या पिढीला तो शब्दच नाही हो. "छातीत कससं होतंय", "डोकं जड", "जिवाला चैन नाही", "अन्नावर वासना नाही", एवढंच. ते ऐकून आम्ही ईसीजी काढायचो, नॉर्मल यायचा, परत घरी. एवढे डॉक्टर बघितले, एकानेही विचारलं नाही की काका, दिवस कसा जातो. शेवटी फिजिओच्या मुलानेच सांगितलं, ताई, पायात ताकद आहे, मन नाहीये, मानसोपचारवाल्यांना दाखवा. लकवा झालेल्या साधारण तिघांपैकी एकाला पुढे डिप्रेशन येतं. तिघांत एक! मग ही गोष्ट डिस्चार्जच्या वेळी पथ्याच्या कागदावर का लिहून देत नाहीत? मीठ कमी खा हे तीनदा लिहिलेलं होतं.

डिप्रेशनची गोळी सुरू केली. आत्या: "डोक्याच्या गोळ्या? सवय लागते." घरात दोन दिवस भांडण. तरी दिली. आणि तिसऱ्या आठवड्यात अण्णा परत भुईंजवाल्यांना पुढे बोलवायला लागले.

आत्याचा विजय झाला असं समजा. मी पण गोळी बंद करायच्या बेतात होते. आमच्या कोपऱ्यावर एक म्हातारे फॅमिली डॉक्टर आहेत, त्यांना फोन केला, तर म्हणाले घरात आहेत तेवढ्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाल आणि ये. सगळ्या म्हणजे झोपेची, पित्ताची, आयुर्वेदिक, शेजारणीने दिलेली, सगळ्या. टेबलावर ओतल्या, तेरा प्रकार निघाले. दोन तर एकच औषध, नाव वेगळं. त्यांनी दोन पाकिटं बाजूला काढली, बीपीसाठी दिलेली लघवी जास्त करवणारी गोळी आणि ही नवी डिप्रेशनची. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण दोन्हींनी रक्तातलं सोडियम उतरतं आणि म्हाताऱ्या माणसात जास्तच. रक्त तपासलं, सोडियम 119. किमान 135 पाहिजे. दोन दिवस ॲडमिट करून ते हळूहळू वर आणलं, बीपीची गोळी बदलली, डिप्रेशनचं औषध पण बदललं आणि सोडियम तपासत तपासत वाढवलं. बीपीवाले आणि मानसोपचारवाले, दोन्ही डॉक्टर हुशार होते, खोटं कशाला बोलू. फक्त एकाला दुसऱ्याची गोळी माहीत नव्हती, आणि मी प्रत्येकाकडे फक्त त्याचीच फाईल नेत होते, शहाण्यासारखी.

माझं म्हणणं एवढंच आहे की शरीराचा आणि मनाचा आजार एकाच माणसात, एकाच वेळी असतो आणि आपण त्याला दोन खिडक्यांवर दोन वेगळ्या लायनीत उभं करतो. केंद्राच्या 2017-18 च्या मोठ्या सर्वेक्षणात, लासी म्हणतात त्याला, साठीपुढच्या 75 टक्के लोकांना काही ना काही जुनाट आजार, 40 टक्क्यांना कसलं ना कसलं अपंगत्व आणि 20 टक्क्यांना मनाचा त्रास निघाला होता. ही सगळीच वेगवेगळी माणसं नाहीत हो, त्यातले बरेच म्हातारे एकाहून जास्त आकड्यांत पुन्हा पुन्हा मोजलेत.

अपंगत्वाच्या सर्टिफिकेटचं गणित पण ऐका. 2016 च्या कायद्यात मानसिक आजार आहे, एकाहून जास्त अपंगत्व असलेल्यांचा पण प्रकार आहे, चांगली गोष्ट. पण दोन टक्केवाऱ्या सरळ मिळवत नाहीत, सूत्र आहे: 40 आणि 20 असेल तर 60 धरत नाहीत, साधारण 51 येतं. कागदासाठी असेल बाबा ते बरोबर, शंभराच्या वर जाऊ नये म्हणून. घरात उलटं दिसतं. पाय चालत नाही म्हणून मन बसतं आणि मन बसलं म्हणून पाय चालवत नाहीत. ते कुठल्या सूत्रात बसवायचं?

सत्तरीच्या पुढच्यांना आता आयुष्मानमध्ये 5 लाखांचं कव्हर मिळतं, आम्ही कार्ड काढलंय. पण ते ॲडमिट झालात तर. महिन्याची गोळी, फिजिओ, कौन्सेलिंग, हे सगळं खिशातून. म्हणजे माणूस ॲडमिट होण्याएवढा बिघडला की पैसे, बिघडू नये म्हणून काही नाही.

आणि आई. 69 वर्षांची, गुडघे गेलेले, रात्री अण्णा तीनला उठले की तीही उठते. परवा म्हणाली, "मला काय धाड भरलीय." अगदी अण्णांसारखंच. तिला पुढच्या आठवड्यात घेऊन जाणार आहे, नको म्हणाली तरी. कोणाला रात्री-अपरात्री बोलायला माणूस लागलं तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात, मी स्वतः एकदा लावलाय, अण्णांसाठी नाही, माझ्यासाठी.

अण्णा आता बरेच बरे आहेत. डावा हात अजून नीट चालत नाही, पण गॅलरीत बसतात. भांडण करण्यापुरता मूड आलाय, काल पेपरमध्ये एसटीच्या भाड्याचं वाचून अर्धा तास तणतणले.

आमचा फिजिओचा मुलगा पुढच्या महिन्यात नाशिकला चाललाय. सिंहगड रोडच्या बाजूला घरी येणारं कोणी माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. बोलका असला तर फार बरं, अण्णा एसटीच्या गोष्टी सांगत सांगतच पाय उचलतात.