डिंकानं कोणी अदृश्य होत नाही, मावशी

परवा नागपूरच्या महाल भागात मावशीकडे गेलो तर तिचा डावा डोळा सुजलेला. वरच्या पापणीला मधोमध फट, केसच नाहीत. काय झालं विचारलं तर आधी सांगेना. मग मोबाइल पुढे केला. "तूच वाच बाप्पा."

भिशीच्या ग्रुपवरून आलेला मेसेज होता. मजकूर थोडक्यात असा: पाश्चात्त्य जादूगारांच्या हजार वर्षं जुन्या ग्रंथात अदृश्य होण्याचा मंत्र सापडला आहे. त्याला 'गम अरेबिक' नावाची दुर्मीळ आफ्रिकन राळ लागते आणि तिच्यात गुंडाळलेला पापणीचा केस. विद्या मूळ आपलीच, त्यांनी चोरली. स्वतःच्या पापणीचे सात केस राळेत घोटून एकवीस दिवस अंजन घाला, वाईट नजरेला तुम्ही दिसणारच नाही. खाली अस्सल राळ मागवायचा नंबर.

सुनेचं बाळंतपण महिन्यावर आलंय, घराला नजर लागू नये, म्हणून हा उद्योग. राळ मागवायलाही ती थांबली नाही. लाडवांसाठी इतवारीतून धावड्याचा डिंक आणून ठेवलाच होता, तोच खलात कुटला.

आता तो 'ग्रंथ'. तो माझ्या कपाटात आहे, कारण दर रविवारी आम्ही चौघं मित्र त्यातला खेळ खेळतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स, जादूगार-योद्ध्यांची पात्रं घेऊन खेळायचा कल्पनेतला खेळ. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. त्यातल्या अदृश्य होण्याच्या मंत्राला गम अरेबिकमध्ये गुंडाळलेला पापणीचा केस लागतो, हे खरं. १९७८ च्या नियमपुस्तकात आहे, २०१४ च्या पुस्तकातही आहे. पण ते खेळाच्या नियमांचं पुस्तक आहे हो! त्याच पुस्तकात आगीचा गोळा फेकायला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागतं. विष्ठेतून सोरा मिळतो, म्हणजे ही बंदुकीच्या दारूची थट्टा झाली. वीज पाडायला केसाळ कातड्याचा तुकडा आणि अंबराची कांडी लागते; कातड्यावर अंबर घासलं की स्थिर वीज तयार होते, शाळेतला प्रयोग. दुसऱ्याच्या मनातलं ओळखायला तांब्याचं नाणं, कारण इंग्रजीत विचारांना एक पेनी, म्हणजे छोटं नाणं, देऊ करायची म्हण आहे. सगळी यादी अशा कोट्यांनी भरलेली. आणि मंत्र चाललाच तर २०१४ च्या नियमांत खेळातलं पात्र फार तर तासभर अदृश्य राहतं, तेही कोणावर हल्ला केला नाही तर. एकवीस दिवस कुठून आले, त्या मेसेजवाल्यालाच विचारा.

राळ म्हणाल तर तीही नाही. मावशीसमोर दोन पेले मांडले. एकात डिंकाचा खडा, दुसऱ्यात देवघरातल्या धुपाच्या डब्यातली राळ. सकाळी डिंकाचं चिकट पाणी झालं होतं, राळ खड्यासारखी तळाशी तशीच. पाण्यात विरघळतो तो डिंक, राळ विरघळत नाही. गम अरेबिक हा बाभळीच्या जातकुळीतल्या झाडाचा डिंकच. आफ्रिकन आहे हे मान्य, सर्वांत जास्त येतो सुदानमधून. पण दुर्मीळ? कोल्ड्रिंकच्या बाटलीवर घटकांच्या यादीत ४१४ हा आकडा शोधा, तो याच डिंकाचा क्रमांक. १९९७ मध्ये अमेरिकेनं सुदानवर निर्बंध घातले तेव्हासुद्धा या डिंकाला सूट होती, त्याच्यावाचून शीतपेयवाल्यांचं अडत होतं.

मला खरा राग आहे तो अंजनाचा. पापण्यांचे केस डोळ्यात धूळ जाऊ नये म्हणून असतात. ते चिमट्यानं उपटले की मुळाशी जखम होते आणि तिच्यातच हे चिकट, न उकळलेलं, खलातलं घोटण लावायचं. शिवाय डिंक वाळला की कडक होतो. मावशीच्या उशीच्या अभ्र्यावर त्याचे पिवळसर कण सापडले, नखानं दाबले तर काचेसारखे टोचत होते. असला कण पापणीखाली गेला आणि माणसानं डोळा चोळला, तर बुबुळावर ओरखडा ठरलेला. मावशीचं पापणीच्या सुजेवर निभावलं. डॉक्टरांनी थेंब दिले, मलम दिलं आणि मला ऐकवलं, "घरात शिकलेलं कोणी नाही का?" केस परत यायला दीड-दोन महिने लागतील. बारशाच्या फोटोत ती फट दिसणार, याचंच तिला जास्त दुःख. हा मेसेज ज्यांनी पुढे ढकलला त्यांच्यापैकी एकीनंही स्वतःचा केस उपटला नसेल, पैज लावतो.

राहिलं 'विद्या मूळ आपलीच'. नाइलाजानं अर्धं मान्य करतो. अदृश्य करणाऱ्या अंजनाच्या गोष्टी आपल्याकडे आहेत आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या चौदाव्या अधिकरणात अदृश्य व्हायचे प्रयोगही आहेत. म्हणून अमेरिकेतल्या खेळवाल्यांनी ते चोरले असं होत नाही, त्यांच्या मंत्रात अंजन नाहीच. पण एवढं ऐकूनच मावशी खूश. "पहा, आपल्यात होतंच नं!" मग मी त्यातला एक प्रयोग सांगितला. तीन रात्री उपास करायचा, पुष्य नक्षत्रावर शस्त्रानं मेलेल्या नाहीतर सुळावर दिलेल्या माणसाच्या कवटीत माती भरून जव पेरायचे, त्यांना मेंढीचं दूध घालायचं, अंकुरांची माळ गळ्यात घालून फिरायचं.

मावशीनं थोडा वेळ विचार केला. "मेंढीचं दूध इथं कुठं भेटते?"